नोकरीचा इतिहासही डॉक्टरांना सांगा

घरातील वडीलधाऱ्यांना पार्किन्सन्सचे निदान होते तेव्हा झोप, बद्धकोष्ठता, वास येतो की नाही, अशी बरीच विचारपूस होते. ‘कारखान्यात नेमके काय काम करीत होता?’ हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहून जातो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तरी तो राहू नये. ऐन तारुण्यात येथे फिटर, वेल्डर, पेंटर म्हणून रुजू झालेली पहिली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे.

धातूच्या जॉबवरील तेल-ग्रीस काढण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावक जगभर वापरले गेले. अमेरिकेतील कॅम्प लजून या लष्करी तळाचे पाणी त्याने दूषित झाले होते. १९७५ ते १९८५ या काळात तेथे राहिलेल्यांना पार्किन्सन्स होण्याचा धोका दुसऱ्या तळावरील सैनिकांहून ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. संपर्क आणि आजार यांत दशके लोटतात. अर्थात, आपल्या वडिलांचा आजार त्यामुळेच झाला, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. वय, आनुवंशिकता, शेतातील कीटकनाशके यांचाही वाटा असतो.

वेल्डिंगच्या धुरातील मँगेनीजची गोष्ट निराळी. त्याच्या दीर्घ आणि जास्त संपर्काने होणारा विकार पार्किन्सन्ससारखाच भासतो, पण लेव्होडोपाच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. म्हणूनच नोकरीची माहिती उपचारासाठीही मोलाची ठरते.

आजाराची वाटचाल थांबवील असे सिद्ध झालेले औषध अजून नाही. लिक्सिसेनाटाइड या मधुमेहावरील औषधाने २०२४ च्या फ्रेंच चाचणीत हालचालींची घसरण किंचित रोखली. त्याच जातीचे एक्झेनाटाइड पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. तेव्हा ‘मेंदूतील विष काढणाऱ्या’ काढ्यांवर पैसे घालवू नका. खाजकुहिलीच्या बियांत तर खरोखरच लेव्होडोपा असतो. तिचे चूर्ण गोळ्यांच्या जोडीला परस्पर सुरू केल्यास एकूण मात्रा बिघडते. चालू गोळ्याही एकाएकी बंद करू नयेत.

पुढच्या भेटीपूर्वी एक कागद घ्या. कोणत्या साली कोणते शॉप, हात कशाने धुतले जात, तोंडावर मास्क असे का, गावी फवारणी कोण करी, हे लिहा. त्यांचे अक्षर बारीक होत गेले असेल. म्हणून लेखणी आपण घ्या, आठवणी त्यांना सांगू द्या. जुना सहकारी जवळ राहत असेल तर त्यालाही चहाला बोलवा. कोणत्या ड्रममध्ये काय असे, हे कदाचित त्यालाच आठवेल.