‘चार के सात’ म्हणजे किती?

मराठी विशेष घेऊन बी. ए. करणाऱ्याने इलेक्ट्रॉनिक्सवर लिहावे हा आगाऊपणाच; पण त्याला कारण घडले. स्नेहसंमेलनातील नाटकासाठी एक जुना अँप्लिफायर मी दुरुस्तीला घेतला होता. त्यातला फुगलेला कपॅसिटर काढला. त्यावरची अक्षरे पुसून गेलेली. ट्रान्सफॉर्मरवर मात्र ‘१२-०-१२’ असे स्पष्ट लिहिलेले. बाराला सोळा पुष्कळ झाले, असा हिशेब करून मी १६ व्होल्टचा नवा कपॅसिटर बसवला. दोन तालमी तो टिकला. तिसऱ्या तालमीत नायिकेचे स्वगत ऐन रंगात आले असताना ‘फट्’ असा आवाज झाला, आणि विंगेत उग्र वासाचा धूर पसरला.

चूक माझ्या हातांची नव्हती, वाचनाची होती. ट्रान्सफॉर्मरवरचे १२ हे ‘आर. एम. एस.’ असतात, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा परिणामकारक दाब. त्याचे शिखर १.४१ पट उंच, जवळजवळ १७ व्होल्टवर जाते. डायोडमध्ये ०.७ खर्ची पडले तरी १६.३ उरतात. शिवाय भार हलका असला की ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा थोडे जास्तच देतो. तीन अक्षरे मला ठाऊक नव्हती, एवढ्यावरून हे रामायण!

मग डेटाशीट, म्हणजे सुट्या भागांची माहितीपत्रके, वाचायला बसलो. गंमत अशी की, तिथे व्याकरणच भेटले. रेझिस्टरची किंमत ‘४ के ७’ अशी लिहितात. यातला इंग्रजी ‘के’ हजारही सांगतो आणि दशांशचिन्हाच्या जागीही उभा राहतो: ४.७ हजार, म्हणजे ४७०० ओहम. बारीक छपाईत टिंब उडून जाते, अक्षर उडत नाही. कपॅसिटरवर ‘१०४ के’ असेल तर मात्र १० वर चार शून्ये, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड; सोप्या भाषेत ०.१ मायक्रोफॅरड. इथल्या ‘के’चा हजाराशी संबंध नाही, तो दहा टक्के कमी-अधिक चालेल, एवढेच सांगतो. ‘रामाने चाकूने आंबा कापला’ या वाक्यात ‘ने’ एकदा कर्त्याला लागतो, एकदा साधनाला. तसेच हे.

पण ४७०० च का, सरळ ५००० का नाही? बाजारात १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशीच माळ मिळते. दहा टक्के सूट धरली तर ३९ चा हात वर ४२.९ पर्यंत पोचतो आणि ४७ चा खाली ४२.३ पर्यंत. मधे जागाच उरत नाही. या विचित्र आकड्यांमागचा हा हिशेब कळला, तेव्हा मला एखादे वृत्त उलगडल्याचा आनंद झाला.

ट्रान्झिस्टरची नावेही अर्थवाही. ‘बीसी ५४७’ मध्ये ‘बी’ म्हणजे सिलिकॉन, ‘सी’ म्हणजे आवाजाच्या कंप्रतेचा, कमी शक्तीचा. त्याच्या पत्रकात ‘व्ही-सी-ई-ओ ४५’ असते. हा समासच आहे. विग्रह असा: कलेक्टर आणि एमिटर यांमधला व्होल्टेज, तिसरे टोक, म्हणजे बेस, मोकळे असताना. मात्र हा आकडा ‘कमाल मर्यादा’ या सदरातला. कड्याच्या टोकाची खूण आहे ती. तिथे सतरंजी पसरायची नसते. नवशिका नेमका हाच आकडा कामाचा समजतो.

दुसरा फसवा शब्द ‘टिप’. टिपिकलचे हे लघुरूप. ७८०५ या पाच व्होल्टच्या नियंत्रकाच्या नेहमीच्या पत्रकात तीन रकाने असतात: किमान ४.८, टिप ५, कमाल ५.२. मधला आकडा सर्वसाधारण अनुभवाचा. हमी असते ती बाजूच्या दोघांची. माझ्या मते पत्रक वाचताना डोळा आधी कडेच्या रकान्यांवर जायला हवा.

अँप्लिफायरमध्ये आता २५ व्होल्टचा कपॅसिटर आहे आणि नाटक निर्विघ्न पार पडले. फुटलेल्याचे टरफल मी टेबलाच्या खणात ठेवले आहे. त्यावरचे ‘१६ व्ही’ अजून स्वच्छ वाचता येते.