नऊचा ताळा आणि गटाची वही

आज आपण एका मोठ्या आकड्याची नीट ओळख करून घेऊ. समजा, आमसुलं, फणसपोळी आणि कोकम सरबत विकून गटाकडे वर्षअखेर १,०८,५४० रुपये जमले. एवढी रक्कम कशाकशाने वाटता येईल, हे भागाकार न मांडताही कळतं.

शेवटी शून्य आहे, म्हणून दहाने भाग जातो. शेवटचे दोन अंक ४०. चाळिसाला चारने भाग जातो, म्हणून सगळ्या रकमेलाही जातो. आता अंक मिळवा: १+०+८+५+४+० = १८. अठराला तीनने आणि नऊने भाग जातो, म्हणून रकमेलाही जातो. तीन आणि चार दोन्ही चालले, म्हणजे बाराही चालणार. गटात बारा जणी असतील तर प्रत्येकीला बरोबर ९,०४५ रुपये.

अंकांची बेरीज कशी काय चालते? दहाच्या नोटेतून नऊ रुपये काढले की एक उरतो. शंभरातून नव्व्याण्णव काढले तरी एकच, हजारातून नऊशे नव्व्याण्णव काढले तरी एकच. म्हणून शंभराच्या पाच नोटा असल्या तर पाच रुपये उरतात. असे सगळे उरलेले रुपये म्हणजेच अंकांची बेरीज. ती नऊने वाटली गेली, की रक्कमही वाटली गेली.

आपल्या आकड्याला अठरानेही भाग जातो, उत्तर ६,०३०. जी संख्या स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते, तिला 'हर्षद संख्या' म्हणतात. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनी आयुष्यभर संख्यांचे गुण शोधले. विद्यार्थी असताना १९२७ मध्ये त्यांना गणिताचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. ते परांजपे आपल्या जिल्ह्याचे, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले होते.

आता हाच नऊ वहीत कसा कामाला येतो ते बघा. महिनाअखेर रोकड आणि वही जुळत नाही. २७० रुपयांचा फरक येतो. कुजबुज सुरू होते, आणि वही लिहिणारीकडे बोट जातं. अशा वेळी आधी फरकाचे अंक मिळवा: २+७+० = ९. नऊने भाग जातो, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असेल. ४,५२० च्या जागी ४,२५० लिहिलं गेलं असेल. शून्य सुटलं तरी असंच होतं: ५०० चे ५० झाले, तर फरक ४५०, आणि ४+५+० पुन्हा नऊच.

नऊने भाग गेला म्हणजे चूक सापडलीच असं नाही, पण आधी कुठे शोधायचं ते कळतं. भाग गेला नाही, तर नुसत्या अदलाबदलीने तेवढा फरक पडणार नाही. मग एखादी नोंद राहिली का, पावती चुकली का, बेरीज चुकली का, ते बघायचं.

आमचं सांगणं इतकंच: कुणाला पदरचे पैसे भरायला लावण्याआधी फरकाचे अंक मिळवा. पैसे मागून परत देता येतात, पण चारचौघींत शब्द लागला की तो परत घेता येत नाही.