धुराड्यातला कच्चा माल

दिवाळीच्या धावपळीत डोके ठणकू लागले, की आपण ॲस्पिरिनची गोळी घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या गोळीच्या घडणीत कर्बद्विप्राणिद वायूचा हात आहे, असे सांगितले तर वाचक हसतील. पण गोष्ट खरी आहे. ज्याच्या नावाने आज सारे जग बोटे मोडते, तोच हा वायू! हेर्मान कोल्बे या जर्मन रसायनज्ञाने १८६० च्या सुमारास त्याचा फिनॉलशी संयोग घडवून सॅलिसिलिक आम्ल केले. १८८५ साली श्मिट यांनी भारी दाबाची जोड देऊन ती रीत सुधारली. ॲस्पिरिन होते ते याच आम्लापासून.

युरियाचा पसारा याहून कितीतरी मोठा. अमोनिया आणि कर्बद्विप्राणिद यांच्या संयोगातून तो होतो. टनभर युरियात जवळजवळ पाऊण टन वायू जिरतो. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यातही युरिया होतो तो असाच. मग वायू कायमचा अडकला म्हणावे, तर तसेही नाही. शेतात युरिया फुटला, की गिळलेला वायू तो परत सोडून देतो.

तेव्हा ‘धुरापासून माल’ एवढे ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही. हा वायू म्हणजे जळून गेलेल्या कोळशाची राखच. राखेचे पुन्हा इंधन करायचे तर बाहेरून शक्ती ओतावी लागते. मिथेनॉलचेच पाहा. एक टन मिथेनॉलला सुमारे १.४ टन कर्बद्विप्राणिद लागतो आणि जोडीला दोनशे किलोंच्या आतबाहेर हायड्रोजन. पाण्यातून तेवढा हायड्रोजन काढायला दहा हजार युनिटांच्या आसपास वीज हवी. ती कोळशावर केली, तर नऊएक टन वायू नव्याने हवेत जाईल! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय?

आइसलंडमध्ये हा हिशेब जुळला, कारण तेथे वीज पाण्यावर आणि भूगर्भातल्या वाफेवर होते. स्वार्ट्सेंगी येथे वाफेबरोबर वर येणारा कर्बद्विप्राणिद पकडून मिथेनॉल करणारा कारखाना २०१२ साली रीतसर उघडला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी जॉर्ज ओला यांचे नाव त्याला दिले. त्याची क्षमता पुढे वर्षाला चार हजार टनांपर्यंत गेली. जगाला मिथेनॉल लागते ते वर्षाला दहा कोटी टनांच्या घरात.