टिटवीचे घर आणि मक्तेदाराची मुदत

वसाहतीसाठी किंवा सडकेसाठी घेतलेली जमीन झाडेझुडपे तोडून, मुरूम अंथरून सपाट करावी आणि मग एखादी मंजुरी दफ्तरात अडकल्यामुळे ती ऐन चैत्र-वैशाखात ओसाड पडून राहावी, असे वारंवार घडते. आणि जिथे आपल्या लेखी अद्याप काहीच नाही, ती भूमी टिटवीला घरट्यासाठी सर्वथा अनुकूल वाटते. चहूकडे दृष्टी मोकळी असल्याने शत्रू दुरूनच दिसतो, आणि मातकट रंगावर काळे डाग असलेली तिची तीन-चार अंडी खडीत अशी मिसळून जातात, की दोन पावलांवरूनही ती दगडच भासावीत. म्हणजे पक्षी आपल्या हद्दीत शिरला असे म्हणणे न्यायाचे नाही. आपणच त्याला जागा तयार करून दिली.

पुढचे सुमारे चार आठवडे नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. वैशाखातील माध्यान्ही त्यांचे कार्य ऊब देण्यापेक्षा सावली धरण्याचेच अधिक असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येऊन ते अंडी थंड राखतात. म्हणूनच कुतूहलाने घरट्याभोवती उभे राहणारे निरुपद्रवी लोकही घातक ठरतात, कारण जोडपे आक्रोश करीत डोक्यावर घिरट्या घालत असता खाली उघड्या अंड्यांतील जीव उन्हाने करपत असतो.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी फोडणे, इतकेच नव्हे तर अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे, हीसुद्धा शिकारच होय. परंतु मुकादमाला फौजदारीच्या धाकापेक्षा साध्या तजविजीचा उपयोग अधिक. यंत्र चालू करण्यापूर्वी सकाळी एकाने पायी पाहणी करावी. घरटे आढळल्यास, पक्षी निर्धास्त बसून राहील इतके अंतर सोडून दोरी बांधावी आणि तेवढा तुकडा वगळून उर्वरित काम चालू द्यावे. नांगरताना अंड्यांभोवतीची जमीन सोडून बैल वळवून घेणारे शेतकरी हेच करीत आले आहेत. २०१८ साली कॅनडातील ओटावा येथे संगीतमहोत्सवाच्या रंगमंचाच्या जागी टिटवीच्याच कुळातील किलडिअर पक्ष्याने अंडी घातली, तेव्हा शासनाच्या अनुमतीने जाणकारांनी ते घरटे थोडेथोडे करीत बाजूला सरकवले. मात्र ते तज्ज्ञांचे काम आहे, आणि आपल्याकडे कोणी हौसेने अंडी उचलून दुसरीकडे ठेवू नयेत.

अंडी फुटली की दोरी सोडण्याची घाई होते, आणि खरा धोका तेव्हाच असतो. पिल्ले थोड्याच वेळात घरटे सोडून भक्ष्य टिपीत हिंडू लागतात, पण पंखांत बळ येईपर्यंत आणखी महिन्याहून अधिक काळ जातो. या अवधीत आईबापांचा इशारा ऐकताच ती पळत नाहीत, जमिनीला चिकटून निश्चल होतात, आणि रोलर चालवणाऱ्याला पुढे केवळ मुरूमच दिसतो. तेव्हा कुटुंब त्या आवारात आहे तोवर यंत्रापुढे एक माणूस चालत ठेवावा, आणि खणलेल्या चरांचे एक टोक उतरते ठेवावे, म्हणजे आत पडलेले पिल्लू आपल्या पायांनी वर येऊ शकेल.