सातशे मीटरसाठी बाईक?

दर महिन्याला चांगले पैसे मोजून आपण ट्रेडमिलवर पाच किलोमीटर चालतो. आणि जिम कुठे, तर घरापासून जेमतेम सातशे मीटरवर. तिथवर जायचं कसं? अर्थातच बाईकवर! हसू येतं खरं, पण याला आळस म्हणू नका. औंध, बाणेर, पाषाण भागात राहणाऱ्या कुणालाही विचारा. ट्रेडमिलवर मागून डंपर येत नाही, एवढं साधं कारण आहे.

माझी आई दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आली. तिकडे ती रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जायची. इथंही देऊळ जवळ आहे, भाजीवाला जवळ आहे, मैत्रिणीसुद्धा झाल्यात. मधे आहे फक्त एक रस्ता. ‘‘नको गं, तू आलीस की जाऊ,’’ म्हणत ती थांबते. आणि मी ऑफिसातून येते साडेआठला! बघता बघता तिचं संध्याकाळचं फिरणंच बंद झालं.

मग एका रविवारी मी मोजायची टेप घेऊन बाहेर पडले. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की फुटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा पूर्ण मोकळी हवी. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे घरातल्या पायरीएवढीच. आमच्याकडे विजेच्या डीपीपाशी उरलेत ६० सेंटिमीटर. एके ठिकाणी फुटपाथ थेट आईच्या गुडघ्याला लागतो. शिवाय प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी तो तुटतो. उतरा, चढा, पुन्हा उतरा. गाडीला धक्का बसू नये म्हणून माणसानं कसरत करायची!

सिग्नलचं गणितही बघा. चालणाऱ्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे २४ मीटरचा रस्ता ओलांडायला २० सेकंद. हे झालं तुमच्या-माझ्यासारख्यांचं. गुडघेदुखीवाली आई सेकंदाला ०.८ मीटर चालली, तर तिला ३० सेकंद हवेत. वरचे दहा सेकंद तिनं कुठून आणायचे? म्हणूनच मधे थांबायला सुरक्षित दुभाजक लागतो.

आता जरा गंभीर आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी अपघातात गेले. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद! यात वेगाचा वाटा मोठा. कारनं ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटर वेगानं धडक दिली, तर पादचाऱ्याचा जीव जाण्याचा धोका साडेचार पट वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून नुसते पेव्हर ब्लॉक बदलून भागत नाही. वळणाचे कोपरे आवळायचे, म्हणजे गाड्या हळू वळतात. झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या पातळीला उचलायचं, म्हणजे तेच स्पीडब्रेकर होतं. गेटपाशी फुटपाथ सलग ठेवायचा आणि चढ-उतार गाडीनं करायचा.

हे फक्त परदेशातच जमतं, असं म्हणू नका. पुणे महापालिकेनं २०१६ मध्येच पादचारी धोरण मंजूर केलं. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधच्या डीपी रोडवर रुंद फुटपाथ झाले, बसायला बाक आले. पार्किंग गेलं म्हणून ओरडाही झाला. पण तिथं एकदा संध्याकाळी चक्कर मारा. आजी-आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई, हातात हात घालून रमतगमत जाणारी जोडपी, सगळे दिसतील. चालायला जागा दिली, की माणसं आपोआप घराबाहेर पडतात.

आणि ही कुणाची मेहेरबानीही नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की चालण्यायोग्य फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे. त्यात दिव्यांगांना वापरता येतील असे फुटपाथ आणि अतिक्रमण हटवणंही आलं.

मग आपण काय करायचं? नुसतं वैतागण्यापेक्षा हे करून बघा:

- मोजा. ‘फुटपाथ वाईट आहे’ ही तक्रार फाइलीत हरवते. ‘अमुक दुकानासमोर रुंदी ६० सेंटिमीटर, नियमानं १.८ मीटर हवी’ ही तक्रार फोटोसकट टिकते.
- एकत्र मागा. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घ्यायची पद्धत आहे. मुदत जाहीर झाली, की सोसायटीतल्या दहा जणांनी एकाच रस्त्यासाठी अर्ज करा.
- आधी आपलं गेट बघा. सोसायटीचा रॅम्प, झाडाची कुंडी, पाहुण्यांची गाडी फुटपाथवर आली असेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढा.
- ब्रेक दाबा. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क चालणाऱ्याचा असतो. पुढची गाडी थांबली, की मागची झक मारत थांबते!

आमच्या सोसायटीतून यंदा अकरा अर्ज जाणार आहेत. अकरावी सही आईची. पत्त्याच्या खाली तिनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवलीय: ‘मला एकटीला जाता आलं पाहिजे.’