गवतकापणी यंत्राची मोटार का जळते?

मजुरांच्या टंचाईमुळे फळबागा व रोपवाटिकांमध्ये विजेवर चालणाऱ्या गवतकापणी यंत्रांचा वापर वाढला आहे. तथापि पहिल्या-दुसऱ्या हंगामातच मोटार जळाल्याच्या तक्रारी बागायतदारांकडून ऐकावयास मिळतात. पेरूच्या एका बागायतदारांनी तर एकाच पावसाळ्यात दोनदा रिवाइंडिंग करून घेतले. विक्रेत्याने दोष व्होल्टेजला दिला, कारागिराने यंत्राला. दोघांचेही काही अंशी खरे होते.

या यंत्रांत बहुधा कार्बन ब्रशची, हलकी पण अतिवेगाने फिरणारी मोटार असते. तिला थंड ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसविलेला असतो. खरी गोम येथेच आहे. उंच, ओले गवत एकदम कापावयास घेतले की वेग मंदावतो, वीजप्रवाह वाढतो आणि नेमका त्याच वेळी पंख्याचा वारा कमी होतो. प्रवाह २० टक्क्यांनी वाढल्यास वाइंडिंगमधील उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. त्यात हवेची छिद्रे गवताच्या भुशाने बुजलेली असली, तर जळका वास येण्यास वेळ लागत नाही.

म्हणून गवत उंच असल्यास ते वरून खाली दोन-तीन टप्प्यांत कापावे. मोटार तापल्यास ती लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे गवताबाहेर रिकामी चालवावी, म्हणजे पंखा आतली उष्णता बाहेर काढतो.

दुसरे कारण बोर्डापासून बागेपर्यंत ओढलेली बारीक वायर. १२०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेते. ५० मीटर अंतरावर, जाऊन-येऊन १०० मीटर तारेत, ०.५ चौरस मि.मी. तांब्याची वायर असल्यास १८ ते २० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. २.५ चौरस मि.मी. वायरीत ही घट जेमतेम ४ व्होल्ट असते. संध्याकाळी मुळातच दाब कमी असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. वायरीचे वेटोळे पूर्ण सोडूनच यंत्र चालवावे.

आता यंत्राच्या बांधणीविषयी. डब्यावरील मोठ्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंतच भार पेलू शकतो. तसाच प्लग लावून १८०० वॅटचा दावा केलेला असेल, तर दावा तरी खोटा किंवा प्लग तरी अपुरा. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो व ती अधिक तापते. त्यामुळे ‘तांब्याचे वाइंडिंग’ असे विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्यावे (टाळाटाळ झाली तर काय समजायचे ते समजावे). कार्बन ब्रश बाहेरील टोपण काढून बदलता येतात का, तेही दुकानातच पाहावे. झिजलेल्या ब्रशमुळे ठिणग्या पडून कम्युटेटर खराब होतो आणि काही रुपयांच्या ब्रशपायी अख्खे आर्मेचर बदलण्याची पाळी येते.

पाऊस पडत असताना वा गवत ओले असताना विजेचे यंत्र चालवू नये. बोर्डावर आरसीसीबी हा ३० मिलीअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.