प्रार्थना समाज आणि माणसाचे हक्क

वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारच्या तळ्याकाठी तुम्ही घटकाभर बसला असाल, तर पाण्यावर कोणाची मालकी असू शकेल ही कल्पनाही मनात आली नसेल. परंतु कोकणात तळ्यात घागर कोणी बुडवायची, हे शंभर वर्षांपूर्वी पुष्कळ ठिकाणी जात ठरवीत असे. महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपण जाणतोच. तिच्या कितीतरी आधी माणसाच्या हक्काची जाणीव करून देण्याचा एक प्रयत्न धर्माच्याच अंगणात झाला. त्याविषयी थोडे सांगतो.

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मानायचा नाही आणि त्याची खूण म्हणून पाव खायचा! आज हसू येते. त्या काळी पाव खाल्ला तर जात जाई. मात्र सारा कारभार गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. चोरून पाळलेली समता ती. एका कागदासरशी उडाली.

३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज निघाला तो मात्र उघड उघड. डॉ. आत्माराम पांडुरंग, पुढे न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मोठी माणसे त्यात होती. देव एक, म्हणून सारी माणसे भावंडे, हा त्यांचा साधा हिशेब. उपासना आटोपून घरी गेल्यावर पुष्कळांचा जुना रिवाज चालूच राही, हेही सांगितले पाहिजे.

तो हिशेब वस्तीत नेला विठ्ठल रामजी शिंदे यांनी. ऑक्सफर्डहून १९०३ साली परतून ते समाजाचे प्रचारक झाले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली आणि परळला शाळा काढली. ज्या पोराला कोणी ओसरीवर घेत नव्हते, ते पाटी घेऊन बाकावर बसले. हक्क म्हणजे काय, हे त्याला व्याख्यानाने इतके कळले नसते. १९१७ साली काँग्रेसनेही कलकत्त्यास अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला. त्यामागे शिंद्यांची खटपट होती.

पण 'निराश्रित' या नावातच गोम आहे. आश्रय देणारा वर, घेणारा खाली. दया आणि हक्क यांतले हे अंतर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला ओंजळभर पाणी पिऊन दाखविले. मग खटला उभा राहिला, आणि त्या ओंजळीचा निकाल उच्च न्यायालयात लागला तो १९३७ साली.